एक्केचाळीस नंबर

गॉलवेच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेअकराला
डर्व्हलानं एक्केचाळीस नंबरची छाती उघडली.
रक्त नाही, भूल नाही,
बाहेर बाकावर बसलेलं कुणी नाही.
सही कधीच झालेली, कुठल्याशा इस्पितळात:
माझं स्कॅन वापरायला हरकत नाही.
नाव पुसलंय.
उरलंय ते एवढंच: स्त्री, वय एकोणऐंशी,
उंची एकशे शेहेचाळीस,
आणि पडद्यावर राखाडी, सोलून ठेवलेलं
एक लहानखुरं हृदय.

ते धडधडत नाही, धडधडवावं लागतं.
एका ठोक्याला सर्व्हरची चाळीस मिनिटं.
तोवर डर्व्हला टोस्ट खाते,
चुरा कीबोर्डवर सांडते,
फुंकर मारते.

झडप तारेची. चिमटीएवढी मिटून
मांडीतल्या धमनीतून वर चढते,
आणि दाराशी आल्यावर उघडते
अटलांटिकच्या वाऱ्यात छत्री उघडावी तशी,
एकदाच,
आणि परत मिटत नाही.

तेवीसचं माप. सगळ्यात लहान तेच.
पहिल्या खेपेला कडं चुन्याच्या खड्याला भिडलं,
खडा भिंतीत रुतला, भिंत लाल झाली.
दुसऱ्या खेपेला थोडं वर: कडेनं रक्त झिरपलं.
तिसऱ्याला तिरकं.
चौथ्याला ठोक्याची वायरच दाबली गेली.
बाई सोळा वेळा मेली
आणि सोळाही वेळा पुन्हा निमूट निजली,
'पोरी, थोडं हळू' असंसुद्धा म्हणाली नाही.

डर्व्हलाची आई क्लॅडात फ्रॉक शिवायची,
पहिल्या कम्युनियनचे, पांढरे, झालरीचे.
खडू कानामागे, टाचण्या ओठात,
त्यामुळे शहाणपण सगळं दातांच्या फटीतून यायचं:
कापड कितीही महाग असो,
शिवणीत बोटभर माया सोड.
पोर वाढतं, बाई सुकते,
उसवायला जागा हवी.

तारेत माया सोडता येत नाही.
आई कापडावर बेतायची.
इथं बेततं ते जिवावर.

शुक्रवारी रुअरी म्हणाला,
साठातले एकोणसाठ बसतात,
तक्ता छान दिसतो. ही अपवाद. वगळू.
वाईट नाही तो. त्याला दोन जुळी आहेत, झोप नाही.
डर्व्हलानं विचारलं,
साठात दीडशेच्या आतल्या किती?
त्यानं यादी खाली सरकवली, वर सरकवली.
एक.
आणि बाहेर?
खाली बिंगोची बस थांबली होती.
दांडा धरून, एक पाय, मग दुसरा पाय,
मधे श्वास घ्यायला थांबत
उतरत होत्या एकेक,
पर्स छातीशी,
ड्रायव्हरच्या खांद्याच्याही खाली.
रुअरी बघत राहिला, बस रिकामी होईपर्यंत.
मग म्हणाला, नवीन माप म्हणजे नवे साचे,
नव्या परवानग्या, दीड वर्षं.
मार्चनंतर बघू.

त्यानं वगळू म्हटलं नाही पुन्हा.
करू असंही म्हटलं नाही.

त्या रात्री तिनं एकोणीसचं कडं काढलं.
असं माप कुठल्याच कारखान्यात नाही,
कुठल्याच डबीत, कुठल्याच कपाटात.
तारा बारीक केल्या, जाळी विरळ,
खड्यापाशी एक फासळी मागे घेतली,
अगदी केसभर.
आणि पाठवलं वर.

तीन वाजता पडदा हिरवा झाला.
जगात नसलेली झडप
बहुधा जगात नसलेल्या बाईला
बसली.

डर्व्हलानं कोट चढवला, दिवा घालवला,
टोस्टची बशी विसरली.
मशीन मात्र बंद केलं नाही.
एक ठोका पडायचा होता अजून,
चाळीस मिनिटांचा.